हल्क विकू की ठेवू?

या महिन्यात दोन पत्रं एकाच विषयावर आलीत, जमवलेली कॉमिक्स विकायची का आणि भाव उतरलेले असताना विकायची का. एक एडिसनहून आलंय, एक चिपळूणहून. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तो रस्ता मी स्वतः चाललोय.

प्रश्न : काका नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, नऊ वर्षं झाली न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. २०२१ मध्ये घरून काम करता करता मला जुन्या अमेरिकन कॉमिक्सचा नाद लागला, लहानपणी टीव्हीवर बघितलेले स्पायडरमॅन आणि वुल्व्हरिन जुन्या कागदावर हातात धरायला मिळतात याचंच इतकं अप्रूप होतं की बघता बघता दोन खोकी भरली. त्यात ग्रेड करून, म्हणजे प्रत किती चांगली याचे दहापैकी गुण देऊन, प्लास्टिकच्या डबीत सील केलेली, ज्यांना स्लॅब म्हणतात, ती बावीस आहेत. मुख्य म्हणजे हल्क १८१ (हल्क मालिकेचा १८१ वा अंक), ग्रेड ६.०, मग अमेझिंग स्पायडरमॅन ३०० च्या दोन प्रती, इटर्नल्स १, शांग-ची पहिल्यांदा येतो ते स्पेशल मार्व्हल एडिशन १५ आणि मून नाइटचं पहिलं. शिवाय एका सहकाऱ्याच्या गराज सेलमधून उचललेली नव्वदच्या दशकातली शंभरेक सुटी. सगळे मिळून १९ हजार डॉलर गेले. आज इबेवर खरोखर विकल्या गेलेल्या भावाने मोजलं तर निम्म्याच्या जरा वर भरतात. दोन महिन्यांपूर्वी माझा लेऑफ झाला. व्हिसाचं बायकोच्या एच-वन-बीवर एच-फोर करून निभावलं, तिचा पगार चालू आहे, पण नोकरी लागली नाही तर मुलीची शाळा संपली की जूनमध्ये पुण्याला परत यायचं असं चाललंय. बायको म्हणते आत्ताच सगळं विकून टाक, अडगळही जाईल आणि डोक्याचा तापही. मी म्हणतो तोट्यात कशाला, २०२१ चा भाव परत आला की विकू. त्यात जानेवारी २०२५ मध्ये डायमंड कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, म्हणजे हा धंदाच बसतोय की काय अशी भीती. रोज रात्री इबे उघडून बसतो. काय करू?
— अ. कु., एडिसन

उत्तर : आधी डायमंडचं सांगून टाकतो म्हणजे ती भीती तरी जाईल. ही डायमंड म्हणजे छापखान्यातून आलेली नवीन कॉमिक्स दुकानांपर्यंत पोचवणारी वितरक कंपनी, आपल्या चाचा चौधरीवाल्या दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सशी तिचा काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं. ती अडचणीत आली त्याचा फटका दर आठवड्याला नवे अंक मागवणाऱ्या दुकानदारांना आणि छोट्या प्रकाशकांना बसला. पण १९७४ साली छापलेला हल्क कुठल्या वितरकाकडून येत नाही, तो या माणसाच्या खोक्यातून त्या माणसाच्या खोक्यात जातो, तेव्हा तुझ्या स्लॅबचा भाव उतरण्याचं कारण तिथे शोधू नकोस.

कारण तू स्वतः बघितलंयस, फक्त तेव्हा आपण आत होतो म्हणून दिसलं नाही. लॉकडाऊनमध्ये लोक घरी बसले, सरकारकडून चेक आले, व्याजदर शून्याजवळ होते, आणि डिसेंबर २०२० मध्ये डिझ्नीने एका दिवसात मार्व्हलच्या सिनेमा-सिरीजची लांबलचक यादी जाहीर केली. त्या यादीतल्या प्रत्येक नावाचं पहिलं कॉमिक शोधायला लोक धावले. शांग-चीचा सिनेमा सप्टेंबर २०२१ ला आला, इटर्नल्सचा नोव्हेंबरात, मून नाइट मार्च २०२२ ला. सिनेमा येईपर्यंत भाव चढता आणि सिनेमा आला की उतरता, हे या धंद्यातल्या जुन्या लोकांना पाठ आहे, पण तुझ्यासारखे नवे जे त्या वर्षी आले त्यांना फक्त चढ दिसला. मग मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, व्याज वाढवायला घेतलं, हातातला जास्तीचा पैसा आटला, आणि ज्या वस्तू फक्त उद्या कुणीतरी जास्त देईल म्हणून घेतल्या होत्या त्या सगळ्यांनी एकदम विकायला काढल्या.

आता भाव परत येईल म्हणतोस तेव्हा तुझ्या मनात कुठला भाव असतो ते बघ. तू मोजलेला. पण आज जो माणूस कुठे ओहायोत नाहीतर टेक्ससात हल्क १८१ घ्यायचा म्हणून बसलाय त्याला तू २०२१ ला किती मोजले हे माहीत नाही आणि त्याच्याशी त्याला काही देणंघेणंही नाही. ते १९ हजार गेले. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण ते एकदा मनाने सोडल्याशिवाय पुढचा एकही निर्णय तुला सरळ घेता येणार नाही, कारण प्रत्येक पुस्तक उचललं की तू त्याची आठवणीतली पावती आधी वाचणार आणि पुस्तक नंतर बघणार.

माझं सांगतो. मी १९९६ ते २०११ जर्सी सिटीत होतो. फेब्रुवारी २००९ मध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, मंदी भरात होती, रोज कुणाची तरी नोकरी जात होती. माझ्याकडे तेव्हा साठ-सत्तरच्या दशकातली चाळीसएक मार्व्हल होती, बारा-तेरा वर्षांत एकेक करून जमवलेली. बँकेत साडेतीन महिन्यांचा खर्च शिल्लक होता, म्हणजे घाई नव्हती, पण मला रात्री झोप लागत नव्हती. एका रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या कॉमिक शोमध्ये सगळी खोकी घेऊन गेलो. तिथल्या एका डीलरने टेबलावर टॉवेल पसरला, खिशातून पेनाएवढा टॉर्च काढला, एकेक पुस्तक आडवं धरून पिनांच्या कडेने उजेड फिरवला, मधलं पान सुटलंय का ते बोटाच्या पेराने दाबून बघितलं, पानं ओठातल्या ओठात मोजली, आणि पिवळ्या कागदावर आकडे मांडत गेला. त्याने वावगं काही केलं नाही. मीच सगळ्याचा मिळून एक आकडा सांगा म्हणालो, त्याने सांगितला, मी दिलं, चाळीस मिनिटांत सगळं संपलं. त्यात फॅन्टास्टिक फोर ५२ होतं, १९६६ चं, ब्लॅक पँथर पहिल्यांदा येतो ते. २०१८ ला त्याचा सिनेमा आला तेव्हा त्या पुस्तकाचं काय झालं ते मी इथे पुण्यात बसून बघितलं. पण मला ते पैसे सलत नाहीत, नऊ वर्षांनंतरचं त्या दिवशी कुणालाच दिसत नव्हतं. मला सलतं ते हे की मी चाळीस वेगवेगळ्या पुस्तकांबद्दल एकच निर्णय घेतला. त्यातली तीसेक मी त्या दिवशी विकणं बरोबरच होतं, आणि दहा अशी होती की ती विकायची काहीच गरज नव्हती.

त्यामुळे तुझी बायको म्हणते सगळं विक आणि तू म्हणतोस सगळं ठेव, यातलं "सगळं" आधी काढून टाक. एकेक पुस्तक हातात घे आणि स्वतःला विचार, हे आज माझ्याकडे नसतं आणि खिशात याच्या आजच्या भावाइतके रोख डॉलर असते, तर मी आज हे विकत घेतलं असतं का? खरं उत्तर दे. माझा अंदाज सांगू? इटर्नल्स १ आणि मून नाइटला तू नाही म्हणशील, शांग-चीला बहुतेक नाहीच, स्पायडरमॅन ३०० एक घेतलं असतं दोन नाही, आणि हल्कला तू विचार करायच्या आधी हो म्हणशील.

हल्कबद्दल जरा जास्त लिहितो कारण तुझ्या खोक्यातला खरा जीव तोच आहे. नोव्हेंबर १९७४ ची तारीख असलेला अंक, २५ सेंटचा, वुल्व्हरिन १८० च्या शेवटच्या पानावर नुसता डोकावतो आणि १८१ मध्ये पहिल्यांदा पूर्ण येतो. त्या काळात मार्व्हल वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक छोटा चौकोनी स्टॅम्प छापायचं, मुलांनी तो कात्रीने कापून वेगळ्या वहीत चिकटवायचा. १८१ मध्ये शॅना या मार्व्हलच्याच नायिकेचं चित्र असलेला स्टॅम्प आहे. किती मुलांनी तो कापला असेल विचार कर, आणि कापलेल्या प्रतीची किंमत धाडकन पडते. तुझी प्रत ग्रेड झालेली आहे म्हणजे सीजीसीवाल्यांनी, ग्रेड देणाऱ्या कंपनीने, आत बघितलंय, स्टॅम्प नसता तर त्यांनी हिरव्या लेबलवर तसं लिहिलं असतं, तरी लेबल पुन्हा एकदा नीट वाच. आणि लेबलवरचा सर्टिफिकेट नंबर त्यांच्या वेबसाइटवर घालून बघ, कारण २०२३ च्या शेवटी असं उघड झालं होतं की कुणीतरी डबी उघडून चांगल्या ग्रेडच्या लेबलखाली हलकी प्रत सरकवत होतं आणि कंपनीने संशयित नंबरांची यादीच काढली. विकताना घेणारा हे विचारणारच, त्याच्याआधी तुला माहीत असलेलं बरं. ६.० ग्रेडचा हल्क म्हणजे कुणीतरी लहानपणी वाचलेला, कोपरे थोडे मऊ पडलेले, पण पूर्ण. अशा प्रतीला गिऱ्हाईक कायम असतं, कारण नऊच्या वरची ज्यांना परवडत नाही ते सगळे याच ग्रेडवर नजर ठेवून असतात. भाव उतरला तरी हे पुस्तक विकायला काढलं आणि कुणी घेतलं नाही असं होत नाही.

स्पायडरमॅन ३०० चं उलटं आहे. १९८८ चं, व्हेनम पहिल्यांदा पूर्ण येतो, टॉड मॅकफार्लेनची चित्रं, मला स्वतःला ते आवडतं. पण तोपर्यंत लोकांना कळलं होतं की जुनी कॉमिक्स पैसे देतात, म्हणून त्यांनी ती वाचून झाल्यावर फेकली नाहीत, पिशवीत घालून ठेवली. त्यामुळे त्याच्या चांगल्या प्रती भरपूर आहेत, सीजीसीकडे सगळ्यात जास्त वेळा ग्रेड झालेल्या पुस्तकांत ते येतं. मागणी दांडगी आहे हे खरं, म्हणून विकलं जाईल, पण भाव वर जायला लागला की प्रत्येक वेळी पुरवठाही बाहेर येणार. दोन ठेवण्यात काही अर्थ नाही.

गराज सेलवाल्या शंभर पुस्तकांना मात्र वेळ घालवू नकोस. त्यात १९९१ चं एक्स-मेन १ असणार, जवळजवळ प्रत्येक खोक्यात असतं, पाच वेगवेगळी कव्हरं काढून ८० लाखांच्या वर प्रती दुकानांना विकल्या होत्या. आणि काळ्या पिशवीतलं सुपरमॅन ७५, १९९२ चं, सुपरमॅन मरतो ते, तेही लाखांनी खपलं. लोकांनी तेव्हा पाच-पाच दहा-दहा प्रती मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी म्हणून ठेवल्या, मग तो फुगा फुटला, हजारो दुकानं बंद झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. मी त्याच वर्षी अमेरिकेत पोचलो होतो, डॉलरला चार अशा खोक्यांतून ती पुस्तकं उपसलेली मला आठवतात. तुझ्या मुलीला वाचायला ठेव, बाकीची शाळेच्या नाहीतर वाचनालयाच्या सेलला देऊन टाक.

आता तुझ्या प्रश्नातला अवघड भाग. तू बातम्या वाचत असशील, एप्रिल २०२४ मध्ये ॲक्शन कॉमिक्स १ ची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली, नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन भावांना आईच्या माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडलेलं सुपरमॅन १ तर ९१ लाख २० हजार डॉलरला गेलं, आणि हे सगळं बाकीचा बाजार उतरलेला असताना. माझ्या वेळीही असंच होतं, फेब्रुवारी २०१० मध्ये, बेकारी अजून शिगेला असताना, पहिल्यांदा एक कॉमिक १० लाख डॉलरला विकलं गेलं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याने तो विक्रम मोडला. हे वाचून आपल्याला वाटतं की थांबलं की वाढतंच. पण १९३८-३९ ची, मोजक्या प्रती उरलेली ती पुस्तकं घेणाऱ्याचा लेऑफ होत नसतो. तुझी पुस्तकं घेणारा तुझ्यासारखाच पगारदार आहे, त्याचं घर, त्याचा हप्ता, त्याची भीती तुझ्यासारखीच. त्याला बरे दिवस आले की तुझ्या पुस्तकांना येणार, आणि ते कधी हे मी सांगू शकत नाही.

पण तुझी तारीख बाजाराने ठरवलेलीच नाही, ती जूनने ठरवलीय. परत यायचं असेल तर जे विकायचं ते तिथेच विकून ये. स्लॅबला गिऱ्हाईक अमेरिकेत आहे. पुण्यात बसून एक स्लॅब विमानाने परत पाठवायचा, विमा उतरवायचा, कस्टमच्या फॉर्मवर किंमत लिहायची, वाटेत डबीला तडा गेला तर भांडायचं, हे मी मित्रासाठी एकदा केलंय आणि पुन्हा करणार नाही. त्यामुळे "नंतर विकू" हा पर्याय तुला वाटतो तेवढा मोकळा नाही. जूनपर्यंत जे विकणार नाहीस ते तू कायमचं ठेवतोयस असं धरून चाल.

यात एक गोष्ट बहुतेक लोक उलटी करतात, मीही केली असती जर त्या दिवशी विचार केला असता तर. आवराआवर म्हणून विकत असशील तर सगळ्यात नको असलेलं आधी विक, हे सगळ्यांना कळतं. पण घर चालवायला पैसा लागतोय म्हणून विकत असशील तर सगळ्यात चांगलं आधी विक. नड असताना माणूस लाडकी वस्तू मागे ठेवतो आणि हलकी वीस पुस्तकं बाजारात फेकतो, पडत्या बाजारात हलक्याला कुणी विचारत नाही, ती मातीमोल जातात, दोन महिन्यांनी नड तशीच राहते आणि शेवटी लाडकी वस्तू घाईत विकावी लागते. हल्क आठवड्यात योग्य भावाला जाईल. इटर्नल्सला तोच योग्य भाव मिळायला तुला तीन वेळा लिस्टिंग करावं लागेल. म्हणून आज रात्री इबे उघडू नकोस, बायकोबरोबर बस आणि जूनपर्यंतचा खर्च कागदावर मांडा. तिचा पगार आणि शिल्लक त्याला पुरत असेल तर हल्क ठेव, एक स्पायडरमॅन ठेव, आणखी जे दोन-तीन तू उघडून वाचलेस, नुसते बघितले नाहीस, ते ठेव, बाकी सगळं काढ. पुरत नसेल तर हल्क पहिला. आणि ती अडगळ म्हणते तेव्हा तिच्याशी वाद घालू नकोस, सध्या घर तिच्या पगारावर चाललंय, तिला कुठली तरी एक गोष्ट संपलेली बघायचीय असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

विकायचं कसं ते थोडक्यात. भाव बघताना मागितलेला आकडा बघायचा नाही, इबेवर सोल्ड आयटम्सचा फिल्टर लावून त्याच ग्रेडचे शेवटचे पाच-सहा व्यवहार बघायचे, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्यायचा. इबे साधारण १३ टक्क्यांच्या आसपास कापतं, वर विम्यासकट टपाल, तेव्हा हातात किती येतील तो आकडा धर. दुकानदार रोख देईल पण निम्म्याच्या आसपास देईल, त्याचं भाडं आणि त्याची जोखीम त्यात आली, त्यात राग मानण्यासारखं काही नाही, आणि हलक्या स्लॅबचा गठ्ठा त्याला देणं कधीकधी परवडतं कारण तुझे वीस पार्सलांचे कष्ट वाचतात. हल्क विकायचा ठरलाच तर कॉमिक्सचे लिलाव करणाऱ्या हाउसला विचार, पण तिथे वस्तू दिल्यापासून पैसे हातात येईपर्यंत काही महिने जातात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्येच द्यायला हवा. स्पायडरमॅनच्या दोन्ही प्रती एका वेळी लावू नकोस. आणि मधल्या काळात तुझ्याकडच्या एखाद्या पात्राची बातमी आली तर त्याच संध्याकाळी ते पुस्तक लाव, जुलै २०२४ मध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनियर डॉक्टर डूम होणार हे सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात जाहीर झालं तेव्हा डूमचं पहिलं पुस्तक, फॅन्टास्टिक फोर ५, ज्यांच्याकडे होतं त्यांचे फोन त्या रात्री वाजत होते. बातमी येईल म्हणून थांबायचं मात्र नाही.

टॅक्सचं तुझ्या सीपीएला विचारच. अमेरिकेत अशा संग्रहाच्या वस्तू वर्षाच्या वर ठेवून नफ्यात विकल्या तर त्यावर कर २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअरसारखा नाही. तुझा तोटा आहे, तो वजा करता येतो का हे तू गुंतवणूक म्हणून घेतली होतीस की हौस म्हणून यावर ठरतं, आणि त्याला कागद लागतात, तेव्हा २०२१ च्या पावत्यांचे ईमेल काढून ठेव. त्या पावत्यांचा आता एवढाच उपयोग.

प्रश्न : नमस्कार. माझ्या वडिलांनी जमवलेली मराठी इंद्रजाल कॉमिक्स, वेताळ, मँड्रेक, बहादूर अशी दोनशेच्या आसपास, आणि चाळीस अमर चित्र कथा आमच्याकडे आहेत. जुलै २०२१ च्या पुरात खालच्या कपाटातली गेली, माळ्यावरची तेवढी राहिली. साठ अंक वडिलांनी बाइंडिंग करून सहा खंड केलेले आहेत. वर्षापूर्वी एका ग्रुपवरच्या गृहस्थांनी चांगला भाव सांगितला होता, आता तेच निम्मे देतो म्हणतात, सध्या बाजार थंड आहे म्हणतात. भाऊ म्हणतो देऊन टाक, पुढे रद्दीचाही भाव यायचा नाही. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. काय करावं?
— सौ. स. ज., चिपळूण

उत्तर : ताई, वरचं पत्र तुम्ही वाचलंत तर लक्षात येईल की तिथे बाजार आहे, म्हणजे हजारो लोक घेतात-विकतात आणि प्रत्येक व्यवहाराचा आकडा कुणालाही बघता येतो. आपल्या जुन्या मराठी कॉमिक्सचं तसं नाही. इथे ग्रेड नाही, नोंद नाही, ठरलेला दर नाही, शोधणारी थोडी माणसं आहेत आणि ती एकमेकांना ओळखतात. एक गृहस्थ बाजार थंड आहे म्हणतात तो बाजाराचा भाव नव्हे, तो त्यांचा भाव. ते खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही, पण दोन-तीन जणांना विचारल्याशिवाय तुम्हाला काही कळायचं नाही.

त्याआधी तुमच्याकडे काय आहे ते तुम्हाला माहीत हवं. इंद्रजाल टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमनने मार्च १९६४ ला सुरू केलं आणि १९९० ला बंद केलं, त्यानंतर ते अंक छापलेच गेले नाहीत, म्हणून जे उरलेत ते उरलेत. आपल्याकडे ही पुस्तकं कुणी जपायला घेतली नव्हती, ती शेजारीपाजारी फिरली, एसटीत वाचली, सुट्टीत भाड्याने दिली, मग रद्दीत गेली. साठच्या दशकातले सुरुवातीचे अंक आणि १९७६ च्या अखेरीला आबिद सुरतींचा बहादूर सुरू झाला तेव्हाचे अंक लोक जास्त विचारतात. एक वही घ्या, प्रत्येक अंकाचा नंबर, वर्ष, कव्हर आहे का, पिना गंजल्यात का, मधलं पान आहे का, वाचनालयाचा शिक्का आहे का, एवढं लिहा. मधलं पान नक्की बघा, पिन गंजली की तेच आधी सुटून पडतं आणि गोष्ट मध्येच तुटलीय हे वाचल्याशिवाय कळत नाही. अमर चित्र कथेचं वेगळं आहे, अनंत पैंनी १९६७ ला सुरू केलेली ती मालिका अजून छापली जाते, त्यामुळे पुढच्या आवृत्त्यांना फारसं कुणी विचारत नाही, आतली छापील किंमत आणि मागच्या पानावरची निघालेल्या अंकांची यादी बघा, यादी छोटी असेल तर अंक सुरुवातीचा असण्याची शक्यता जास्त.

बाइंडिंगवाल्याने कडा कापलेल्या असणार, ते असेच करतात, त्यामुळे त्या साठ अंकांना संग्राहक कमीच देईल. म्हणून ते उसवून सुटे करू नका, उसवताना उरलंसुरलंही फाटेल. तुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, दमट वाटले तर उन्हात टाकू नका, पंख्याखाली सावलीत वाळू द्या, आणि माळ्यावरून खाली लोखंडी कपाटात मधल्या फळीवर ठेवा. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत कसर आणि बुरशी जे करतात ते कुठल्याही मंदीपेक्षा वाईट आहे, तेव्हा तुमची खरी घाई असेल तर ती जूनच्या आत कपाटात ठेवण्याची.

भावाला सांगा की दोन महिने थांबूया, यादी झाली की कव्हर, शेवटचं पान आणि पिना यांचे फोटो काढून तीन जणांना पाठवूया. सगळे एकदम देणार असाल तर ज्याला पाच-दहाच हवेत तो बाकीचे फुकटात मागेल, म्हणून आधी सुटे अंक सुट्या भावाने विचारा, गठ्ठ्याचं नंतर. भावाला पैशाची अडचण असेल तर तेही मोकळेपणाने बोला, मग सुरुवातीच्या अंकांपासून सुरू करा.

आणि ते सहा खंड काढून पहिलं पान उघडून बघा. त्या पिढीची माणसं बाइंडिंग करून आणलं की आत नाव, गाव आणि तारीख घालायची. वडिलांच्या अक्षरात तसं काही असेल तर तो खंड यादीत धरू नका.